पुस्तकाचं वय विचारा!



एखाद्या पुस्तकाला तुम्ही कधी त्याचं वय विचारलंय का? हसू नका! गोष्टीच्या पुस्तकाला नाही विचारलं तरी चालेल. पण प्राचीन काळाची माहिती देणाऱ्या जाडजूड संदर्भग्रंथाला मात्र हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा. का, ते आमच्या चिंचणीच्या उदाहरणावरून सांगते.

चिंचणी हे डहाणू तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. समजा, तुम्हाला या भागाचा जुना इतिहास हवा आहे. कपाटात ठाणे जिल्ह्याचा जुना इंग्रजी गॅझेटिअर सापडला. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती एकत्र केलेला ग्रंथ. तो छापला १८८२ मध्ये. तेव्हा चिंचणी ठाणे जिल्ह्यात होती आणि शेजारचं संजाणही त्याच जिल्ह्यात होतं. १९६० मध्ये संजाण गुजरातमध्ये गेलं आणि २०१४ मध्ये चिंचणी नव्या पालघर जिल्ह्यात आली. म्हणजे पुस्तक खोटं नाही हं, पण त्याला त्याच्या वयापुरतंच माहीत आहे!

आता खरी गंमत पुढेच आहे. १९५५ मध्ये चिंचणीत शेत नांगरताना जमिनीतून तांब्याचे कोरीव पत्रे निघाले. राजे लोक जमीन किंवा गाव दान देत, तेव्हा त्याचा दाखला तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. त्याला म्हणतात ताम्रपट. कागद कुजतो, तांबं टिकतं. चिंचणीत अशी पाच दानपत्रं मिळाली. दिनेशचंद्र सरकार या मोठ्या अभ्यासकांनी ती वाचली आणि ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेच्या ३२व्या खंडात छापली. जुने कोरीव लेख छापणारी ही मालिका १८८८ मध्ये सुरू झाली.

त्यांतला एक ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शक ८४८चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. करा बेरीज! ९२६ आलं ना? त्या वेळी संजाणचा कारभार मधुमति नावाचा अधिकारी पाहत होता. मधुमति म्हणजे मुहम्मद, असं सरकारांनी ओळखलं. ताम्रपटात त्याला ‘ताजिक’ म्हटलं आहे, म्हणजे अरब. या अरब अधिकाऱ्याने लोकांसाठी नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं, तेही फुकट! आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, राजाच्या संमतीने त्याने दान दिलं. दुसरा एक ताम्रपट शक ९५६चा आहे. त्याची बेरीज तुम्हीच करा. त्यात मठिकेला तेलाचा घाणा दिला आहे. कशासाठी? तर देवीपुढे दिवा जळावा आणि तिथे अध्ययन करणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल चोळायला मिळावं म्हणून!

हे सगळं १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये कसं असणार? तेव्हा ते पत्रे मातीखालीच होते.

मग जुनं पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही! नवं जुन्याशी जोडलं तरच अर्थ लागतो. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ज्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्यांत डहाणूकेचं नाव आहे. म्हणजे डहाणूच्या नदीवर फुकट नाव आणि सुमारे ८०० वर्षांनी तिच्या उत्तरेला संजाणजवळ पुन्हा फुकट नाव! दोन लेख दोन वेगळ्या ठिकाणी सापडले. कुणीतरी ते वाचून पुस्तकात छापले, म्हणूनच आज आपल्याला ते शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

तेव्हा संदर्भग्रंथ हातात घेतला की तीन गोष्टी करायच्या. एक, पहिल्या पानांत छापल्याचं साल बघायचं. दोन, शेवटची सूची उघडून आपल्या गावाचं, नदीचं नाव शोधायचं. असा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायचा नसतो, त्याला प्रश्न विचारायचा असतो. तीन, त्याच विषयावरचं नंतरचं पुस्तक काढून ताडून पाहायचं. सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा. तो वाचनालयात मिळतो आणि इंटरनेटवरही फुकट वाचता येतो.

आई-बाबांनाही एक सांगणं आहे. शेतात, विहीर खणताना किंवा घराच्या पायात जुनं नाणं, कोरलेला दगड, अक्षरं असलेला पत्रा निघाला, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. भंगारात तर मुळीच देऊ नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. १९५५ मधले ते पत्रे वजनावर विकले गेले असते, तर संजाणच्या अन्नछत्रातला भात आपल्याला कधी कळलाच नसता!

मग, या आठवड्यात एक काम कराल? शाळेच्या कपाटातला एखादा माहितीचा ग्रंथ काढा. त्याचं साल पाहा. त्याला तुमच्या गावाबद्दल काय माहीत आहे आणि त्यानंतर काय बदललं, ते वहीत लिहा. ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या. तोही एक छोटासा संदर्भग्रंथच होईल, बरं का! आणि हो, वहीवर तारीख घालायला विसरू नका!

तुमची,
बाई