तुमच्या झेंड्याचा काठ

श्री. अलेक्सांदर लुकाशेन्का,
अध्यक्ष, बेलारूस

महोदय,

तुमच्या देशाच्या झेंड्याला दांडीच्या बाजूने पांढऱ्यावर लाल नक्षीचा काठ आहे. आमच्याकडे काठ साडीला असतो, म्हणून तो चटकन नजरेत भरला. ही नक्षी सेनो भागातल्या मात्रोना मार्केविच या खेडुत बाईची, 1917 सालची. तिच्या नवऱ्याला 1937 मध्ये सोव्हिएतविरोधी ठरवून गोळ्या घातल्या. आणि हा झेंडा 1995 साली तुमच्याच राजवटीत आला! राजकीय कैद्याच्या बायकोची कला तुमच्या कचेरीवर रोज फडकते.

हे आठवलं रुफिना बाझलोवा या चित्रकर्तीमुळे. 2020 च्या निवडणुकीनंतरचे मोर्चे, लाठ्या, पोलिसांच्या गाड्या हे सारं तिने प्रागमध्ये राहून पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने भरलं, तुमच्या आज्या-पणज्या भरायच्या तसंच. पुढे तिने राजकीय कैद्यांच्या आकृत्या आखून दिल्या. ज्याला वाटेल त्याने एक कैदी निवडावा आणि भरायला बसावं.

फुलीच्या टाक्याला घाई चालत नाही. कापडाचे धागे मोजावे लागतात. एक चुकला की ओळ उसवा. तेवढ्या वेळात त्या अनोळखी माणसाचं नाव, त्याचा तथाकथित गुन्हा, शिक्षेची वर्षं डोक्यात पक्की बसतात. निवेदनावर सही करून मी कितीतरी नावं विसरले आहे. भरलेलं नाव विसरता येत नाही.

सुईदोऱ्याची ताकद तुम्हालाही ठाऊक आहे म्हणा. विरोधकांच्या लाल-पांढऱ्या रंगांच्या मोज्यांपायी तुमच्याकडे दंड झालेत. राजकीय कैद्यांच्या कपड्यांवर पिवळी पट्टी शिवली जाते. गोमेलच्या महिला तुरुंगात कैदी बायकाच सुरक्षा दलांचे गणवेश शिवतात. (एवढी टाचणी-सुईची हौस असलेलं सरकार दुसरं नसेल.)

2025 मध्ये तुम्ही अनेकांना सोडलंत, पण बऱ्याच जणांना थेट सीमेपार नेऊन. याला आम्ही तडीपारी म्हणतो. उरलेल्यांना सोडा, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी जाऊ द्या. तोवर निदान त्यांची पत्रं तरी अडवू नका. तुमची विरोधक मारिया कोलेस्निकावा कैदेत असताना तिच्या घरच्यांना 2023 पासून वर्षाहून जास्त काळ तिची खबरबात नव्हती. कैद्याला आईबापांचं पत्र द्यायला, सुटकेसाठी कराव्या लागल्या तशा, कुठल्या परक्या सरकारशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. तुमचा एक हुकूम पुरे, तो आजही निघू शकतो.

कळावे,
पुण्याची एक भरतकाम करणारी