व्हेंडरचा हिशेब आपणही मांडून पाहावा

२२ मार्च १९८७, रविवारची सकाळ. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोक्रॅकर पुन्हा सुरू करण्याचं काम चाललं होतं. जास्त दाबाच्या टाकीतला द्रव कमी दाबाच्या टाकीत सोडणारा कंट्रोल व्हॉल्व्ह उघडा राहिला. द्रव संपला आणि त्यामागून सुमारे १५५ बार दाबाचा वायू ९ बारच्या आसपास चालणाऱ्या टाकीत घुसला. टाकी फुटली, एका कामगाराचा जीव गेला. पातळी उतरताच व्हॉल्व्ह बंद करणारी यंत्रणा आधीच तोडून ठेवलेली होती. टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह होता, पण त्याचं माप बाहेरून आग लागली तर काय, एवढंच धरून ठरवलं होतं. पूर्ण उघड्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून किती वायू येईल, याचा हिशेब त्यात नव्हता.

कंट्रोल व्हॉल्व्हचं माप म्हणजे निव्वळ खरेदी विभागाची बाब नव्हे, ते यासाठी.

हे माप केव्ही या आकड्यात सांगतात. व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबात १ बारचा फरक असताना तासाला जितके घनमीटर पाणी जाईल, तितका त्याचा केव्ही. दाबातला फरक चौपट झाला की प्रवाह दुप्पट होतो. अमेरिकी पद्धतीत गॅलन आणि पीएसआयवर बेतलेला सीव्ही वापरतात. १ केव्ही म्हणजे सुमारे १.१६ सीव्ही. या दोहोंत गल्लत झाली की तिथेच मोठा फरक पडतो.

खरी गडबड मात्र मार्जिनमध्ये होते. समजा, तासाला ५० घनमीटर पाणी लागतं आणि व्हॉल्व्हवर १ बारचा फरक धरला आहे. गरज केव्ही ५० ची. प्रोसेस विभाग २० टक्के वाढवून ६० लिहितो. व्हेंडर वर २५ टक्के धरून ७५ करतो आणि कॅटलॉगमधलं पुढचं माप १०० निघतं. इकडे पंप निवडणाऱ्यानेही हात सैल सोडलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात व्हॉल्व्हवर ४ बारचा फरक पडतो. आता ५० घनमीटरला केव्ही २५ पुरतो आणि प्लांट सुरू करताना २० घनमीटर हवे असतील तर फक्त १०. शंभराच्या व्हॉल्व्हमधला प्लग मग सीटला जवळजवळ टेकूनच चालतो. प्रवाह सतत वरखाली होत राहतो, सीट झिजते आणि ऑपरेटर कंटाळून लूप मॅन्युअलवर टाकतो.

यात व्हेंडरने फसवलेलं नसतं. डेटाशीटवर जे आकडे आले, त्यांचंच उत्तर त्याने दिलेलं असतं. ते आकडे खरे आहेत का, हे तपासणं प्लांट चालवणाऱ्याचंच काम आहे.

तपासायचं ते थोडंच असतं. आयईसी ६०५३४ या मानकात सूत्रं दिलेली आहेत. किमान, नेहमीचा आणि कमाल, अशा तिन्ही प्रवाहांना व्हॉल्व्ह किती टक्के उघडेल, हे विचारावं. गरम पाणी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. १२० अंश सेल्सिअसचं पाणी ६ बार निरपेक्ष दाबाने आलं, तर ग्लोब व्हॉल्व्हमध्ये साधारण ३.३ बार फरकापर्यंत प्रवाह वाढत जातो. बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये दीड बारच्या आसपासच तो अडतो. स्वस्त पडतो म्हणून प्रकार बदलला आणि आकडेमोड जुनीच ठेवली, तर कागदावरचा प्रवाह प्लांटमध्ये मिळणार नाही.

म्हणून निविदेतच दोन अटी असाव्यात. तिन्ही प्रवाहांची आकडेमोड, वापरलेल्या गृहीतकांसह, व्हेंडरने द्यावी आणि खरेदीदाराच्या इंजिनिअरने ती स्वतः करून, सही करून फाइलला लावावी. तसंच व्हॉल्व्ह किंवा त्याची ट्रिम पुढे कधीही मोठी केली, तर पलीकडच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा हिशेब नव्याने झाल्याशिवाय तो बदल मंजूर होऊ नये. तारापूर असो वा पाताळगंगा, कोणत्याही रासायनिक कारखान्याला हे परवडण्यासारखं आहे.