विश्लेषण : एका कानाने अचानक ऐकू येईना? ‘दडा बसला’ म्हणून थांबू नका!

सकाळी फोन कानाला लावला आणि पलीकडचे काहीच ऐकू आले नाही. कान बदलला, तर आवाज स्पष्ट! अशा वेळी ‘दडा बसला असेल’ म्हणून कोमट तेल टाकले जाते आणि आठवडा निघून जातो. नेमका हाच आठवडा सर्वांत मोलाचा असतो.

नेमके काय होते?
७२ तासांच्या आत आतील कानाची किंवा श्रवण मज्जातंतूची क्षमता किमान ३० डेसिबलने घटली, तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. बहुतेकदा एकच कान बाधित होतो आणि कारण सापडत नाही. जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हा आजार चर्चेत आला.

ऑक्सिजन कक्षात काय करतात?
सोड्याच्या बाटलीत दाबामुळे वायू विरघळून राहतो. तत्त्व तेच. बंद कक्षात हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करून रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन दिला जातो. एरवी १०० मिली रक्तद्रवात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळतो. येथे तो सुमारे ४ ते ५ मिलीपर्यंत जातो. आतील कानाला रक्त पुरवणारी वाट एकच असल्याने हा जादा ऑक्सिजन तेथील पेशींना तगवेल, अशी अपेक्षा असते. एक सत्र साधारण दीड तासाचे, अशी १० ते २० सत्रे.

खरोखर उपयोग होतो?
काही रुग्णांना होतो. पण स्टेरॉइडच्या जोडीने, त्याऐवजी नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो स्टेरॉइडसोबत दोन आठवड्यांच्या आत किंवा फरक न पडल्यास महिन्याभरात देता येतो. जुन्या बहिरेपणावर फायद्याचा पुरावा नाही. शिवाय काहींची श्रवणशक्ती आपोआपही परतते. त्यामुळे ‘हमखास गुण’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे.

धोके कोणते?
दाबामुळे कानाच्या पडद्याला इजा, तात्पुरती अंधूक दृष्टी. फुप्फुसाभोवती हवा साचलेल्या रुग्णाला उपचारापूर्वी कक्षात नेता येत नाही.

ओव्यातील रुग्णाने काय करावे?
हे तंत्र पाणबुड्यांच्या उपचारातून पुढे आले. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीत, असा कक्ष आहे. मुंबई-पुण्यातील काही खासगी रुग्णालयांतही तो असतो. पण ओवे कॅम्पमधून रोज मुंबई गाठायची, तर २० सत्रे म्हणजे २० दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. म्हणून पहिली धाव कक्षाकडे नको. आधी पनवेल-खारघर परिसरातील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करावी. मळ असेल तर तो तिथेच निघेल. नस बाधित असेल तर स्टेरॉइड लगेच सुरू करता येईल. मधुमेह असल्यास तो आधीच सांगावा, कारण स्टेरॉइडने साखर वाढते.

ऑक्सिजन कक्ष लांब असेल, खर्चिकही असेल. श्रवणचाचणी मात्र जवळ आहे. ती आजच करावी.