पहिलेपणापलीकडच्या विल्सनबाई

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिली स्त्री न्यायाधीश म्हणून बर्था विल्सन यांचा गौरव होत असतो. पहिलेपणाचे कौतुक प्रस्थापितांना आवडते, कारण त्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. कामगार चळवळीने मात्र विल्सनबाईंचे स्मरण ठेवावे ते त्या जेथे अल्पमतात राहिल्या तेथील भूमिकेसाठी.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या बाई धर्मोपदेशक पतीसमवेत १९४९ साली कॅनडात आल्या. १९५५ साली डलहौसी विद्यापीठात कायदा शिकण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा घरी जाऊन विणकाम करावे, असा सल्ला अधिष्ठात्यांनी दिला. (असे अधिष्ठाते कोणत्याच देशात दुर्मिळ नाहीत!) पुढे टोरांटोतील वकिली पेढीत सतरा वर्षे, तीही बहुतांशी पडद्याआडच्या संशोधनात, १९७५ साली ऑन्टॅरिओचे अपील न्यायालय आणि मार्च १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालय. त्यानंतर काही आठवड्यांतच हक्कांची नवी सनद अमलात आली.

त्या सनदेतील ‘प्रत्येक’ हा शब्द बाईंनी अक्षरशः घेतला. १९८५ साली प्रामुख्याने भारतातून आलेल्या शीख आश्रयार्थींच्या खटल्यात त्यांनी म्हटले की, कॅनडाच्या भूमीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे संरक्षण आहे. सुनावणीस खर्च येतो, ही सबब चालणार नाही. गर्भपातासंबंधीचे त्यांचे निकालपत्र स्त्री-चळवळीला परिचित आहेच.

खरी कसोटी १९८७ साली लागली. अल्बर्टा प्रांताने सरकारी नोकर, रुग्णालयीन कर्मचारी व अग्निशामक यांच्या संपावर बंदी घातली होती. संघटनेच्या स्वातंत्र्यात संपाचा हक्क येत नाही, असे सहापैकी चार न्यायमूर्तींनी ठरविले. सरन्यायाधीश डिक्सन व विल्सन यांनी विरोध नोंदविला. केंद्रीय कर्मचाऱ्यांची वेतनवाढ सहा व पाच टक्क्यांवर रोखणाऱ्या कायद्याच्या खटल्यात तर बाई डिक्सन यांच्याही पुढे गेल्या. महागाईविरोधी लढ्याचा भार केवळ सरकारच्या ताब्यातील नोकरांवर टाकणे समर्थनीय नाही, असे त्यांचे मत पडले.

न्यायालयावर विसंबून चळवळ चालत नाही, हे आम्ही जाणतो. ते अल्पमतही आपोआप कायदा झाले नाही. संघटना वर्षानुवर्षे लढत राहिल्या. सास्काचेवान प्रांताच्या २००८ च्या अत्यावश्यक सेवा कायद्याला त्यांनी आव्हान दिले आणि २०१५ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी संपाच्या हक्काला संविधानाचे संरक्षण असल्याचे मान्य केले. विल्सनबाई २००७ सालीच निवर्तल्या होत्या.