दोन वकिलांच्या गृहिणी

रंगभूमीवर स्त्रीला छळणारा पुरुष प्रेक्षकांस तत्काळ ओळखूं येतो. तिला जपणारा येत नाहीं, आणि तिची स्तुति करणारा तर मुळींच नाहीं. या शेवटच्या दोघांचा विचार करणें आज आम्हांस अगत्याचें वाटतें.

इब्सेनच्या १८७९ सालच्या 'डॉल्स हाऊस' नाटकांतील हेल्मर मूळचा वकील. तो नोराला मारीत नाहीं. चंडोल, खार अशा नांवांनीं तिचे लाड करतो. त्याच्या दुखण्यांत तिनें बापाची खोटी सही करून कर्ज काढलेलें असतें, आणि त्याच पैशानें त्याचा जीव वांचलेला असतो. तें उघड होतांच लाड संपतात. उरते ती त्याची अब्रू. शेवटीं नोरा त्याजकडे हिशेब मागते व घर सोडते. जर्मनींत एका नामांकित नटीनें हा शेवट करण्याचें नाकारलें, तेव्हां नोरा मुलांसाठीं थांबते असा दुसरा शेवट इब्सेनला १८८० सालीं स्वतःच लिहून द्यावा लागला!

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील (१९१९) सुधाकरही वकीलच. त्याची सनद अडकली, प्याला हातीं आला, आणि सिंधूनें दळण दळून संसार रेटला. नवऱ्याच्याच प्रहारानें मरतांना ती त्याला वांचविण्यासाठीं फौजदारापुढें खोटें बोलते. मरणोन्मुख माणूस खोटें बोलणार नाहीं, या समजुतीवर आम्हां वकिलांचा केवढा भरंवसा! सिंधू तो जाणूनबुजून मोडते.

म्हणजे दोघींनींही पतीसाठीं कायदा मोडला. सिंधूनें नोराप्रमाणें निघून जावें असा आमचा हट्ट नाहीं; राहणें हाही निर्णय असूं शकतो. आमची तक्रार एवढीच कीं, नाटक तो निर्णय मानीतच नाहीं, पतिव्रतेचा स्वभावधर्म मानतें. प्रेक्षक तिला देवी ठरवून मोकळे होतात. देवीला पोटगी लागत नाहीं व तिचें मत विचारावें लागत नाहीं. (आणि ही देवी तरी कोण? पदर सांवरणारे बालगंधर्व!)

नोरा ही परदेशी, आमच्या संस्कृतींत तिचें काय काम, असें कांहीं देशाभिमानी गृहस्थ म्हणतील. देशाभिमान आम्हांसही आहे. परंतु 'तुमच्या भल्यासाठींच आम्ही येथें आहों' हें इंग्रजांचें बोलणें आपण किती वर्षें ऐकलें, आणि १९४७ सालीं त्या भल्याला निरोप देतांना आपणांस किती आनंद झाला, हें त्यांनीं आठवावें.

'एकच प्याला' पुन्हां बसविणाऱ्या मंडळींस आमची विनंति आहे: फौजदारापुढील त्या प्रवेशांत प्रेक्षकांस डोळे पुसण्याची घाई करूं देऊं नये. सिंधूचें खोटें त्यांना खोटें म्हणून ऐकूं द्यावें.