अनुदान हक्काचे की मेहेरबानीचे?

सरकारने शाळेला पैसा द्यावा आणि त्या बदल्यात शाळेवर हुकमत गाजवावी, ही रीत या देशात इंग्रजांनी रुजवली. १८५४ च्या वुडच्या खलित्यातून अनुदानाची पद्धत आली आणि तिच्याबरोबर सरकारी तपासनीसही आला. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी त्या व्यवस्थेच्या मर्मावरच बोट ठेवले. तिजोरीत पडणारा पैसा रयतेच्या घामाचा आहे, मग त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मूठभर वरिष्ठ वर्गालाच का, असा त्यांचा सवाल होता. पैसा कोण देतो हे विचारण्याआधी तो कोणाचा आहे हे विचारले पाहिजे, हा त्या निवेदनाचा धडा होय. दिल्लीच्या आजच्या राज्यकर्त्यांना तो नेमका नको आहे.

तमिळनाडूचे उदाहरण ताजे आहे. ‘समग्र शिक्षा’ ही २०१८ पासूनची योजना. बहुतेक राज्यांत तिचा खर्च केंद्र व राज्य ६० व ४० या प्रमाणात उचलतात. मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश, मुलींची निवासी विद्यालये, अपंग मुलांसाठीचे विशेष शिक्षक, शिक्षणहक्क कायद्याखालील प्रतिपूर्ती हे सारे या पैशावर चालते. २०२२ मध्ये केंद्राने ‘पीएम श्री’ ही १४,५०० निवडक शाळांची वेगळी योजना काढली. तिच्यात सामील होणाऱ्या राज्याने २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संपूर्णपणे राबविण्याचा करार लिहून द्यावा, ही अट घातली. तमिळनाडू, केरळ व पश्चिम बंगाल यांनी सही नाकारली. तेव्हा केंद्राने ‘पीएम श्री’चा पैसा रोखला असता तर ते निदान तर्काला धरून झाले असते, पण रोखला तो ‘समग्र शिक्षे’चा! तमिळनाडूचे २०२४-२५ चे २,१५२ कोटी रुपये अशा रीतीने अडकले. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने मार्च २०२५ मध्ये ही अडवणूक असमर्थनीय ठरवली. मे २०२५ मध्ये राज्याला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. शिक्षणहक्क कायद्यापुरता काही पैसा पुढे सुटला, परंतु तोवर गरीब मुलांचे त्या वर्षाचे प्रवेश महिनोन्महिने खोळंबले. भांडण दोन सरकारांचे आणि शिक्षा सहा वर्षांच्या पोरांना, असा हा न्याय आहे.

जो पैसा देतो तो अटी घालणारच, असे सरकारपक्षाचे समर्थन असते. वरकरणी ते व्यवहार्य वाटते. पण केंद्राचा पैसा म्हणजे काय? प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, आयातशुल्क हे सारे राज्यांतल्याच जनतेकडून गोळा होते. २०१७ नंतर राज्यांच्या करआकारणीच्या अधिकाराचा मोठा भाग वस्तू व सेवा कर परिषदेकडे गेला. वित्त आयोगाने विभाज्य करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला खरा, पण उपकर व अधिभार त्या विभाज्य राशीतच येत नाहीत. यातली विटंबना अशी की २००४ पासून जनतेकडून वसूल होणारा शिक्षण उपकर हाच मुळी राज्यांना न वाटला जाणारा कर आहे. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने २०१६-१७ पर्यंत ८३,४९७ कोटी रुपये जमा झाले आणि त्यासाठी स्वतंत्र निधीच उभारला गेला नव्हता, असे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. शिक्षणासाठी म्हणून रयतेकडून घ्यायचे आणि शिक्षणासाठी मागितले की सही करा म्हणायचे, याला मदत म्हणत नाहीत, सावकारी म्हणतात.

घटनेचा आधारही या मंडळींना मिळत नाही. २७५ व्या अनुच्छेदाखालील अनुदाने वित्त आयोगाच्या शिफारशींवर चालतात. केंद्रपुरस्कृत योजनांचा डोलारा मात्र २८२ व्या अनुच्छेदावर, म्हणजे संकीर्ण तरतुदींतल्या एका कलमावर, उभा आहे. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. आणीबाणीचा निषेध करीत मोठे झालेले आजचे सत्ताधारी तिची ही देणगी मात्र जिवापाड जपतात. शिवाय समवर्ती याचा अर्थ सहकारी असा आहे, मांडलिक असा नव्हे. शिक्षणहक्क कायद्याचे सातवे कलम खर्चाची जबाबदारी केंद्र व राज्य दोघांवरही टाकते. त्यात करारनाम्याची अट नाही.

विद्यापीठांची आणि संशोधनाची कथा याहून उद्बोधक आहे. २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या व कॅनरा बँकेच्या भागीदारीत उभ्या राहिलेल्या ‘हेफा’ने केंद्रीय उच्चशिक्षण संस्थांच्या इमारती व प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज ही नवी रीत सुरू केली. मुद्दल सर्वस्वी वा अंशतः संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे. आणि शिक्षणसंस्थेचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांचे शुल्क. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी, असा डांगोरा पिटला गेला. त्यांतले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे होते. संशोधनावरचा देशाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही नाही, याबद्दल उद्योगपतींची उदासीनता हेच कारण सरकार सांगत आले आहे, आणि भिस्तही त्यांच्याच दातृत्वावर! उलट जुलै २०२५ मध्ये खाजगी क्षेत्राच्या संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर झाली: दीर्घ मुदतीची, अल्प वा शून्य व्याजाची. सार्वजनिक विद्यापीठाला कर्जाची चिठ्ठी आणि भांडवलदाराला सवलतीची थैली, हे या धोरणाचे वर्गीय रूप आहे.

कामगारांच्या प्रशिक्षणात तर अटींचा हा आग्रह कुठल्या कुठे विरून जातो. २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या सुमारे ९६ लाख उमेदवारांपैकी ९० लाखांहून अधिकांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये होती, किंवा तो रकानाच कोरा होता. २०२४ च्या प्रशिक्षणार्थी योजनेत तरुण राबणार मोठ्या कंपन्यांत. त्याच्या दरमहा ५,००० रुपयांतले ४,५०० देणार सरकार आणि कंपनी देणार ५००. राज्यांच्या शाळांसाठी करारनामा, खाजगी प्रशिक्षण केंद्रांसाठी कोरा रकाना!

परंतु केवळ दिल्लीकडे बोट दाखवून समाजवाद्यांची सुटका होणार नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान रोखले ते कर्मवीर भाऊराव पाटलांची परखड जीभ रुचली नाही म्हणून. ते पुढे पुन्हा सुरू झाले, पण अनुदान हे लगाम म्हणून वापरण्याचा मोह कोणत्याही सरकारला होतो, एवढे त्यावरून दिसते. १९८३ पासून महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा दरवाजा उघडला आणि ‘अनुदान नाही’ यालाच धोरण म्हणण्याची प्रथा पाडली. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘पीएम श्री’वर सही केली आणि आघाडीतल्याच भारतीय कम्युनिस्ट पक्षाने हरकत घेतल्यावर काही दिवसांतच ती स्थगित ठेवली. अडलेल्या सरकारची अगतिकता समजण्यासारखी असली, तरी सहीआधी चर्चा आणि सहीनंतर पश्चात्ताप यांतला पहिला मार्गच लोकशाहीचा होता.

अटी मुळीच नकोत, असे येथे म्हणणे नाही. पैशाचा हिशेब मागणे, दलित-आदिवासी मुलांची व मुलींची पटनोंदणी तपासणे, शिक्षक नेमले की नाही ते पाहणे या अटी जनतेच्या हिताच्या आहेत आणि त्या कडक हव्यात. पण हिशेबाची अट आणि निष्ठेची अट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. शालेय शिक्षणाचा केंद्राचा वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने, आपोआप मिळावा. एका योजनेच्या नकाराबद्दल दुसरीचा पैसा अडवण्यास कायद्याने बंदी असावी. शिक्षण उपकर विभाज्य राशीत आणावा. सार्वजनिक विद्यापीठांना कर्ज नव्हे, अनुदान द्यावे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलेले उद्दिष्ट १९८५-८६ साठी होते. ते गाठण्याचे वेळापत्रक संसदेपुढे ठेवावे. कार्यकर्त्यांनी याची सुरुवात गावच्या शाळेपासून करावी. या वर्षी किती पैसा यायचा होता, किती आला आणि कोठे अडला, हे ग्रामसभेत विचारावे. पैसा आपला आहे हे रयतेला एकदा उमगले, की मेहेरबानीची भाषा फार काळ टिकत नाही.