झेंडावंदनाला हंडा घेऊन जाऊ या



गेल्या उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बैठकीला गेले होते. अंगणवाडीच्या भिंतीवर उष्माघाताचं पत्रक चिकटवलेलं होतं. दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका, तहान नसली तरी भरपूर पाणी प्या, लेकरांना आणि गरोदर बायांना जपा. मी ते मोठ्याने वाचलं तशी एक जण हसली. म्हणाली, "ताई, टँकर येतो तोच भर दुपारी. घरात बसले तर प्यायचं काय?"

बैठक मग विहिरीवरच झाली. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि एकच झुंबड उडते. तळाशी उरलेलं पाणी वाटीने भरायला नऊ-दहा वर्षांची एक पोर दोराला धरून आत उतरली होती. "ती हलकी आहे ना," तिची आई म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. आई निर्दय नव्हती. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

उन्हाळ्यात कुटुंब सांभाळा, असं सगळे बाईला सांगतात. पण सांभाळायला लागतं ते पाणी. ते कमी पडलं की सगळ्यांत शेवटी पिते बाई. पुन्हा खेप घालायला नको म्हणून ती तहान मारते. लघवीची जळजळ, चक्कर, मानेचं दुखणं, सगळं अंगावर काढते. पोरीला सुट्टी लागते ती हंडा उचलायला.

आणि हा काही कोरडा मुलूख नाही. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो. याच तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. मुंबईतल्या बाईचा नळ बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. तिच्याही वस्तीत पहाटे उठून पाण्याची रांग लावावी लागते. आमचं म्हणणं एवढंच, की धरणाच्या पायथ्याच्या बाईचा घोट आधी मोजा.

१ मे ला महाराष्ट्र दिनाचा झेंडा फडकेल. देशभक्तीची भाषणं होतील. शेजारच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. तिथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी कोतवालांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं उभी केली होती, शाळा काढल्या होत्या. त्यांची देशभक्ती माणसांच्या भुकेपासून सुरू झाली होती. आपली तहानेपासून का सुरू होऊ नये? त्या लढ्यात भाकऱ्या कोणी थापल्या, पाणी कोणी भरलं, ती नावं कुठल्या स्तंभावर दिसतात?

म्हणून यंदा दोन गोष्टी करू या. १ मे च्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं ग्रामपंचायत कायदाच सांगतो. ती कागदावर उरकू देऊ नका. टँकरची वेळ सकाळची ठरवा. पाणी विहिरीत न ओतता टाकीत साठवून तोट्या लावायला सांगा. विहिरीला कठडा मागा. ठराव लिहून झाल्यावर वाचून घ्या, मगच अंगठा किंवा सही. शहापूर अनुसूचित क्षेत्रात येतं. २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा मागता येते, हेही विसरू नका.

दुसरी गोष्ट घरातली आणि जास्त अवघड. हंडा पुरुषांच्याही डोक्यावर किंवा सायकलवर जायला हवा. पाणी भरणं हे बाईचंच काम, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

झेंड्याला सलामी आपणही देऊच. पण त्या दिवशी काखेत रिकामा हंडा असू द्या. कोणी विचारलं तर सांगा, हा भरला की माझी पोर विहिरीत उतरणार नाही.